उसन्या शब्दांची उजळणी

“सॉफ्टवेअरसंगं?” गुणाबाईंनी विचारलं.

“मिट डेर सॉफ्टवेअर,” सून म्हणाली.

गुणाबाईंनी चिठ्ठी उलटून पाहिली. बरोबर होतं. सुकन्याने सगळी उत्तरं मागे देवनागरीत लिहून ठेवली होती, म्हणून तर चौथी शिकलेली सासू ऐटीत जर्मनची परीक्षा घेत बसली होती.

“काल तर सॉफ्टवेअर बाई व्हती. ‘डी’ म्हणलीस.”

“आजबी बाईच हाय, आत्याबाई. ‘संगं’ आलं की डीचं डेर होतं.”

“अन् कंप्युटर?”

“तो गडी. डेर. त्याचं डेम होतं.”

“म्हंजी इंग्रजाचे शब्द उसने आणले, अन् त्यांलाबी गडी-बाई करून ठिवलं. लई रिकामटेकडी मान्सं दिसतात.”

सुकन्या खुदकन हसली. उद्या सकाळी पुण्यात तिची परीक्षा होती. पास झाली की व्हिसा, आणि मग म्युनिकला नवऱ्याकडे, हरिओमकडे. नापास झाली तर आणखी काही महिने चाकूरच्या या घरात सासू-सून दोघीच. रोज दुपारी भांडी झाली की या चिठ्ठ्या निघत. दिवसभरात गुणाबाईंशी कुणी बोलत असेल तर तेवढंच. पोर पास व्हावी असं त्यांना वाटत होतं. तिने जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही अगदी मनापासून.

शेवटची चिठ्ठी इंटरनेटची. सुकन्या पिशवीत पाण्याची बाटली कोंबत धडाधड बोलून मोकळी झाली.

“चुकलं,” गुणाबाई म्हणाल्या.

सुकन्या थबकली. तिने चिठ्ठी घेऊन उलटून पाहिली. मग सासूकडे पाहिलं. गुणाबाई खाली मान घालून चटईची निघालेली काडी आत सारत होत्या.

“हाव, चुकलंच की,” सुकन्या म्हणाली. पिशवी बाजूला ठेवून ती पुन्हा मांडी घालून बसली. “पहिल्यापासून इचारा बरं.”

गुणाबाईंनी गठ्ठा नीट जुळवला. पहिली चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, बराच वेळ धरली, आणि खाली ठेवली.

“न्हाई, बरोबर व्हतं,” त्या म्हणाल्या. “समदं बरोबर यायलंय तुला. ऊठ, गाडी जाईल.”