साहेबांची बंद गल्ली

"साडूची गल्ली दिसते आणि माझी दिसत नाही?" साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट आपटलं.

नकाशावालीने चष्मा वर सरकवला. "साहेब, हा दुरून बघायचा नकाशा. यात सगळ्या गल्ल्या मावत नाहीत. चाळण बारीकसारीक गाळून टाकते."

चाळण म्हणजे तिने दोन वर्षं खपून लिहिलेला प्रोग्राम. अख्ख्या शहराचे रस्ते त्यात ओतायचे. मोठे, एकमेकांना जोडणारे वर राहतात. जिथून पुढे कुठेच जाता येत नाही, ती गल्ली सगळ्यात आधी खाली पडते. साहेबांची गल्ली त्यांच्याच फाटकापाशी संपत होती. आमच्या गल्लीत परकं माणूस दिसायचं नाही, असं ते चारचौघांत मिरवतही असत.

"मग हाताने ओढा ना एक रेघ."

"एक ओढली की उद्या दुसरा येईल. मग चाळण कशाला, पातेलंच ठेवू."

साहेबांना विनोद आवडला नाही. "उद्या हा नकाशा बघायला पाहुणे येताहेत. त्यात साडू आहे. संध्याकाळपर्यंत गल्ली दिसली नाही, तर ही खुर्ची तुमची नाही."

साहेब बोलल्याप्रमाणे करणारे होते. मागच्या वर्षी एकाला त्यांनी अर्ध्या चहावरून उठवून घरी पाठवलं होतं. रेघ ओढायला दोन मिनिटं पुरली असती, आणि कुणाला कळलंही नसतं. दोनदा हात पुढे गेला आणि मागे आला. दोन वर्षांची मेहनत एका साडूपायी नासवायची तिची तयारी नव्हती.

मग तिला एक सुचलं. आजवर चाळणीत फक्त गाड्यांच्या वाटा ओतल्या जात होत्या. पायी चालणाऱ्यांच्या वाटा तशाच पडून होत्या. या वाटा लोकांच्या फोनवरून येतात. कोण चाललं ते कळत नाही, कुठून चाललं तेवढं कळतं. त्या तिने घातल्या. एकट्या साहेबांच्या गल्लीच्या नव्हे, सगळ्या शहराच्या.

चार वाजता नवा नकाशा आला आणि त्यात गल्ली होती. चांगली ठसठशीत, साडूच्या गल्लीहून जाड.

"बघा, मनात आणलं की होतं," साहेब खूश झाले.

"मी काही केलं नाही, साहेब. ती आपणहून राहिली." तिने नकाशा मोठा केला आणि चष्मा काढून पुसला.

गल्ली फाटकापाशी थांबत नव्हती. फाटकातून आत शिरत होती, दिवाणखान्यातून, स्वयंपाकघरातून सरळ मागच्या दाराने मोठ्या रस्त्याला लागत होती.

"रोज दीडशे माणसं जातात," ती हळूच म्हणाली. "रविवारी मात्र एकही नाही."

साहेबांनी घरी फोन लावला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"आई, आपल्या घरातून लोक जातात?"

"मग? बसथांब्याला वळसा घालून जायचं तर बिचाऱ्यांची अर्ध्या तासाची पायपीट. तू नऊला जातोस, सहाला येतोस. मधले नऊ तास मी भिंतींशी बोलू?"

साहेबांचे कान लाल झाले. "आजच्या आज मागच्या दाराला कुलूप घालतो."

"घाला की," नकाशावाली म्हणाली. "फक्त गल्ली गळेल."

साहेब नकाशाकडे बघत राहिले. एकदा साडूच्या रेघेकडे, एकदा स्वतःच्या. तिकडे फोनवर आई कुणाला तरी सांगत होती, चपला हातात घे, फरशी आत्ताच पुसली आहे.

साहेबांनी घसा खाकरला.

"आई, दार उघडंच ठेव. रविवारी मी कुठेतरी बाहेर जात जाईन."