आप्पांचं सँडविच

"कडा काढा, भाजू नका आणि बटर जरा जास्त लावा," विनयाने सँडविचवाल्याला सांगितलं. ऑफिसची जेवणाची सुट्टी संपत आली होती. फोर्टमधल्या आधीच्या दोन गाड्यांवर पाव कडक निघाला होता.

शेजारच्या बाकड्यावर तिचे वडील, आप्पा, बसले होते. घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं, तरी ते पेजेवरच होते. सगळं मातीसारखं लागतं म्हणत आणि वाटी अर्ध्यावर सरकवून देत. आज तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता मऊ काहीतरी चावून खायला लागा." तेव्हा आप्पा तडक लेकीच्या ऑफिसपाशी आले आणि म्हणाले, "मला सँडविच खायचंय."

सँडविचवाल्याने बटाट्याच्या आणि काकडीच्या पातळ चकत्या रचून लहान तुकडे कापून दिले. आप्पांनी एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. गिळताना त्यांनी डोळे मिटून बाकडं घट्ट धरलं. विनया पाण्याची बाटली उघडून उभीच होती. घास खाली उतरला. ठसका लागला नाही.

त्यांनी दुसरा तुकडा चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं आप्पा? दुखतंय का?"

"दुखत नाही गं. काकडीला मीठ कमी आहे."

सँडविचवाला ओशाळून मीठ शोधू लागला. विनयाला एकदम भरून आलं. तिने ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्वतःसाठीही एक सँडविच सांगितलं.