शंभर गुच्छ

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा तिचं बोट बटणावरच होतं. बाबा ऑफिसात कधी फोन करत नसत. आवाज नेहमीसारखाच होता, हळू आणि संकोचलेला.

"अगं, आपल्याकडे कोणाचं लग्न ठरलंय का?"

तिला काही कळेना. मग बाबांनी सविस्तर सांगितलं. खाली टेम्पो उभा होता, दोन माणसं फुलांचे गुच्छ वर आणत होती, बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नव्हती आणि टेम्पो अजून अर्धा भरलेला होता. प्रत्येक गुच्छाला एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर छापलं होतं, 'नमस्कार, ही चाचणी आहे.'

तो मजकूर सकाळी तिनेच टाइप केला होता.

फुलांच्या एका मोठ्या दुकानासाठी ती प्रोग्राम लिहीत होती. गिऱ्हाइकाचा वाढदिवस आला की प्रोग्रामने दुकानाच्या सिस्टिमला आपणहून कळवायचं आणि दुकानाने गुच्छ धाडायचा. चाचणीसाठी तिने वाढदिवस न बघता सगळी गिऱ्हाइकं घेतली होती आणि पत्ता मात्र सगळ्यांपुढे आपल्याच घरचा घातला होता. ज्या क्लाउडवर हा प्रोग्राम चालायचा, त्याचा एक नियम होता. एका दमात बाहेरच्या सिस्टिमला फक्त शंभर वेळा हाक मारायची, म्हणजे निरोप धाडायचा. पुढची हाक मारली की काम जागच्या जागी बंद आणि पडद्यावर लाल अक्षरं. सकाळी नेमकं तेच झालं. आपल्या बाजूच्या नोंदीही त्याबरोबर पुसल्या गेल्या, म्हणून काहीच घडलं नाही असं ती धरून चालली. बाहेर गेलेल्या हाका मात्र बाहेरच राहिल्या होत्या. त्याही चाचणीसाठीच्या लुटुपुटूच्या सिस्टिमकडे जायच्या ऐवजी थेट खऱ्या दुकानात, कारण एक सेटिंग बदलायचं राहिलं होतं. दुकानातल्या माणसांनी एकाच पत्त्यावरची एवढी फुलं पाहिली, लग्नघर असणार असं ठरवलं आणि टेम्पो भरला.

आणि ती सकाळपासून काय करत होती? त्या नियमाला शिव्या घालत पळवाट शोधत होती. ती सापडलीही होती. काम लहान लहान गटांत तोडायचं, म्हणजे प्रत्येक गटाला नव्याने शंभर हाका मिळतात. गिऱ्हाइकं वीस हजार होती. बटणावरचं बोट त्यासाठीच होतं.

चटका बसावा तसं तिने ते उचललं आणि टीमच्या मॅडमकडे जाऊन काहीही न लपवता सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, दुसऱ्यांदा चालवलंस का? नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सेटिंग त्यांनी स्वतःच्या हाताने बदललं, दुकानाला फोन केला. कापलेली फुलं परत घेत नाहीत, असं उत्तर आलं.

आता तिला बाबांची काळजी लागली. सासूबाई गेल्यावर ते इथे राहायला आले, पण इमारतीत त्यांची कोणाशीच ओळख झाली नव्हती. लिफ्टमध्ये माणूस दिसला तर ते जिन्याने जात. ती फोन करत राहिली, कोणी उचलेना. शेवटी मॅडमनीच तिला घरी पिटाळलं.

घराचं दार सताड उघडं. आत एकही गुच्छ नाही आणि बाबाही नाहीत. जिन्यात पाकळ्या सांडल्या होत्या. त्यांच्या मागोमाग ती वर चढत गेली. प्रत्येक दाराशी फुलं होती, कुठे बादलीत, कुठे तांब्यात, एका ठिकाणी तर पावसाळी बुटात. गच्चीतून हसण्याचा आवाज येत होता.

बाबा मधोमध खुर्चीवर बसले होते आणि हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होते. त्यांना हातवारे करता येतात हे तिला आजच कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, यांनी एकूण एक बेल वाजवली, दार उघडलं की गुच्छ पुढे करायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, नमस्कार, ही चाचणी आहे.

ती ओशाळून बाबांजवळ गेली. "बाबा, चुकलंच माझं. शंभरावर थांबलं म्हणून वाचलो, नाहीतर वीस हजार आले असते."

बाबांनी कठड्यापलीकडे पाहिलं. समोरच्या गॅलऱ्यांतून माणसं इकडेच बघत होती. बाबांचा चेहरा जरा पडला.

"शंभरावर कशाला थांबवलंस गं? समोरची बिल्डिंग राहिली ना."