तसाच राहू दे

नोकरी सोडून मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासायला लागलो, ते लेकीसोबत राहता यावं म्हणून. राणीसरकारांनी माझ्या टेबलाखाली संसार थाटलाय. तिथं बसून त्या चित्रं काढतात आणि वर प्रश्न पाठवतात. "बाबा, हा शब्द तू खोडलास, मग त्याच्याखाली ठिपके कशाला दिलेस?" तिनं सकाळी विचारलं. "चुकून खोडला गं. खाली ठिपके दिले की छापणाऱ्याला कळतं, हा तसाच राहू दे." दुपारी प्रकाशकाचा फोन आला. मागच्या पुस्तकात माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका तो एकेक करून वाचून दाखवत होता, आणि नेमकी तेव्हाच खालून माझी पँट ओढली जाऊ लागली. "बाबा, बघ ना! बघ ना!" "गप्प बस जरा! सारखी काय कटकट!" पँटवरची पकड सुटली. फोन आटोपून मी वाकलो, तर ती उठून गेली होती आणि चित्र तिथंच पडलं होतं. घर, दार, दारात ती आणि बाबा. बाबावर माझ्याच लाल पेननं कचकचीत फुली मारली होती. मी चित्र उचललं. बाबाच्या बुटांखाली काहीतरी बारीक बारीक दिसत होतं. आधी मला त्या मुंग्या वाटल्या. मग चष्मा लावला. एका ओळीत, जपून दिलेले लाल ठिपके होते.