मागच्या खोलीतलं नाव

"वामनराव केळुसकर सरांना सांग, त्यांचा तोडकर आलाय," दिवाणखान्यात टेकता टेकता मकरंदच्या वडिलांचे जुने विद्यार्थी बोलत्या घराला म्हणाले.

घर गोड आवाजात शोधू लागलं. "दिवाणखान्यात हे नाव नाही. घराच्या नावांत नाही. इमारतीत नाही. शहरात नाही. कुठेच नाही."

घर नाव शोधतं ते खोलीतून घरात, घरातून इमारतीत असं वर चढत. खाली उतरून दुसऱ्या खोल्यांत डोकावत नाही. मकरंदला हे पक्कं ठाऊक होतं. आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, डायपर बदलायची वेळ घर चारचौघांत जाहीर करायचं, म्हणून दिवाळीत त्यानेच त्यांचं नाव घराच्या नावांतून काढून मागच्या खोलीखाली टाकलं होतं.

तोडकरांचे डोळे भरून आले. "सर कधी गेले? मला कळवलंही नाहीत!"

"नाही हो," एवढंच म्हणायचं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. मकरंदने मान खाली घातली.

तेवढ्यात छतातून आप्पांचा आवाज आला. मागच्या खोलीतली हाक मात्र वर चढून सगळीकडे पोचत असे.

"मकरंद, तोडकरसाठी चहा टाक. नाव मीच काढायला लावलं होतं, म्हणावं. आणि तू मान वर कर."