काळी पूड

"मागं मागं चाल," डॉक्टर म्हणाले.

हिरामणनं एक पाऊल मागं टाकलं आणि दुसरं उचलायच्या आत ओंडक्यासारखा कोसळला. सावरायला हातसुद्धा गेले नाहीत. कंपाउंडरनं धरला म्हणून डोकं वाचलं.

भिंतीशी बसलेली सुंदरा जागची हलली नाही. नवऱ्याला कर्जतच्या दवाखान्यात पोचवायचं आणि तिथूनच भावाच्या गाडीत बसून कोंडाण्याला माहेरी जायचं, कायमचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. धाऊ बाहेर गाडी घेऊन उभाच होता.

काम काय करतो, असं डॉक्टरांनी विचारलं. सुंदरानंच सांगितलं. जर्मनची लढाई लागली तशी खालापूरच्या अंगाला एक चक्की निघाली होती. तिथं काळा दगड दळायचे. बॅटरीच्या मसाल्याला लागतो म्हणत. हिरामण तिथं पोती भरायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा नुसते डोळे दिसायचे. शेजारणी म्हणायच्या, सुंदरे, आपलाच नवरा घरात घेतलास ना गं? तेव्हा तीही हसायची.

मग तो चवड्यांवर चालायला लागला. आवाज खोल गेला. चैत्रात सगळे देवीकडं तोंड ठेवून मागं मागं देवळाबाहेर आले. हा एकटा देवीला पाठ दाखवून निघाला. गाव म्हणालं, चक्कीचा पगार डोक्यात गेला. भगतानं कडुलिंबाच्या डहाळीनं झोडपून काढला. आणि आता कळत होतं, त्याला मागं चालताच येत नव्हतं.

डॉक्टर पूर्वी खाणींच्या मुलखात होते. असे रोगी त्यांनी पाहिले होते. ते म्हणाले, ही पूड श्वासावाटे आत जाते आणि मेंदूत उतरते. बिघडलंय ते बहुतेक सुधारायचं नाही, पण चक्की आजच सोडा. मग सुंदराकडं वळून त्यांनी आवाज उतरवला.

"कारण नसताना हसतो का?"

सुंदरानं झटकन हिरामणकडं पाहिलं.

श्रावणात त्यांची शकू तापानं गेली. पुढचे दात पडलेली, बोबडं बोलणारी पोर. ओढ्याकाठी तिला पुरली. पहिली मूठमाती बापाची. हिरामणनं माती टाकली आणि साऱ्या गावादेखत खदखदून हसला. त्या दिवसापासून सुंदरा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट पुढं सरकवायची, तेवढंच.

तिनं होकाराची मान डोलावली. "ते हसणं त्याच्या हातातलं नाही, बाई," डॉक्टर म्हणाले.

धाऊ दारात येऊन उभा राहिला. "चल गं, बैल ताटकळलेत. पोरीच्या मातीला दात काढणाऱ्याचं अजून काय बघायचं ऱ्हायलंय?"

सुंदरा उठली. दाराकडं न जाता नवऱ्यासमोर बसली. त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं, शाडूच्या मुखवट्यासारखं ताठ.

"धनी, शकूच्या वक्ताला तुमी..."

हिरामणचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"रडतच व्हतो गं. तोंड आयकंना."