चारशे बारा मेसेज

लॉटरी नियंत्रण मंडळापुढच्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने पाण्याचा घोट घेतला आणि कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. त्याच्या ऑनलाइन लॉटरी कंपनीने तक्रार करणाऱ्या शिंप्याला दोन वर्षांत चारशे बारा मेसेज पाठवले, हे तो नाकारत नव्हता. नाकारणार तरी कसा? शिंप्याने एकूण एक मेसेज जपून ठेवला होता.

नियम साधा होता. ज्याने ‘माझं खातं कायमचं बंद करा’ असं लिहून दिलं, त्याला कंपनीने पुन्हा बोलवायचं नाही. मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी लॉटरीत घालवली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिंप्याने तसं लिहून दिलं होतं. तरी कंपनीची लाडीगोडी चालूच राहिली. ‘तुमची आठवण येते. आज दिवस तुमचाच आहे.’ इतक्या प्रेमाने त्याला सख्ख्या बहिणीनेही कधी बोलावलं नव्हतं.

घरात या मेसेजांनी आग लावली. रोज संध्याकाळी तो दुकानातून आला की मुलगी हात पुढे करायची आणि तो मुकाट्याने तिच्या तळहातावर मोबाइल ठेवायचा. खातं बंद केलंय, एकही तिकीट घेतलेलं नाही, असं तो शपथेवर सांगायचा. मग हे लोक तुम्हाला का बोलावतात, ती विचारायची. तिकीट घेऊन पुसून टाकत असाल, असंही म्हणायची. खेळल्याचा पुरावा दाखवता येतो, न खेळल्याचा कुठून आणायचा? फी बुडाल्याचं दुःख तिने कधीच गिळलं होतं. बाप खोटं बोलतो, हे मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आज ती मागच्या बाकावर बसली होती. सोबतीला नाही, खरं-खोटं करायला.

वकील आता रंगात आला होता. “मॅडम, चूक झाली, मान्य. पण नुकसान कुठे झालंय? चारशे बारा मेसेज गेले आणि या गृहस्थांनी एकही तिकीट घेतलं नाही. यांच्या नावावर नाही, नंबरवर नाही, बँक खात्यातूनही नाही. आमच्याकडे सगळ्या नोंदी आहेत.”

हे लेखी द्याल का, असं मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. वकिलाने मोठ्या उत्साहाने सही ठोकली.

“मोहात न पडणं हे त्यांचं कर्तृत्व आहे, तुमचं नाही,” अध्यक्षा म्हणाल्या आणि त्यांनी दंड सुनावला. एवढा दंड मंडळाने आजवर कुणालाच केला नव्हता. वकिलाचा चेहरा पडला. शिंप्याला तो आकडा ऐकूच आला नाही. त्याने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. मुलगी चारचौघांत ढसाढसा रडत होती आणि त्याला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचेना.

बाहेर व्हरांड्यात ती समोर आली. सवयीने त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला.

मुलीने त्याची बोटं मोबाइलवर मिटली. “तुमच्याकडेच राहू द्या, बाबा.”